दुप्पट शिक्षेचे कलम कुणी वापरलेले पाहिले आहे का?

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. अपर मुख्य सचिव (गृह),
तसेच विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली की, एक इसम कमरेला गावठी बनावटीचे पिस्तूल खोचून बसस्थानकाच्या मागील बाजूस संशयास्पदरीत्या फिरत आहे.’ पुढे दोन पंचांना बोलावणे, सापळा, इसमाची उडवाउडवीची उत्तरे, अंगझडती, पँटच्या डाव्या बाजूस कमरेला कट्टा, खिशात दोन जिवंत काडतुसे. शेवटी ‘आर्म ॲक्ट ३/२५ सह महाराष्ट्र पोलीस कायदा ३७(१)(३), १३५ प्रमाणे’. सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून खानदेशातल्या कोर्टांत मी पाव शतक काढले आणि ही फिर्याद मला झोपेतही पाठ म्हणता येते. बसस्थानकाच्या जागी कधी रेल्वे गेट येते, कधी देशी दारूचे दुकान. बाकी काना-मात्राही बदलत नाही.

आता निवृत्त आहे. सकाळी दोन वर्तमानपत्रे आणि दुपारी नातवाचा गृहपाठ, एवढेच काम. तरी हे पत्र लिहायला बसलो, कारण कुठे गोळीबार झाला की सभागृहात कुणीतरी उभे राहतेच. सराईत गुन्हेगाराकडे हत्यार सापडले तर त्याला दहा वर्षे आत टाका, कायदा कडक करा, अमेरिकेत बघा कसे करतात. बाके वाजतात. ती बाके वाजवणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे : आहे तो कायदा तुमच्यापैकी कितीजणांनी शेवटपर्यंत वाचला?

शस्त्र अधिनियम, १९५९, म्हणजे फिर्यादीतला तो ‘आर्म ॲक्ट’, यात कलम ३१ आहे. दोन ओळींचे कलम. या कायद्याखाली एकदा शिक्षा झालेला माणूस याच कायद्याखाली पुन्हा दोषी ठरला, तर नंतरच्या गुन्ह्याला असलेली शिक्षा दुप्पट होते. विनापरवाना बंदूक बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षे आहेत. पाचाची दुप्पट दहा. म्हणजे सभागृहात मागितली जाते ती शिक्षा पुस्तकात अगोदरपासून आहे, आणि मी शाळेतही जात नव्हतो तेव्हापासून हे कलम तिथे आहे. माझ्या सगळ्या नोकरीत मी ते एकदाही लागू झालेले पाहिले नाही. बरोबरीच्या वकिलांना विचारले, तर दोघांनी ‘असे कलम आहे?’ म्हणून उलट मलाच विचारले.

ते का लागत नाही, हे मी एका खटल्यावरून सांगतो. त्यातली चूक माझी आहे, त्यामुळे नावे घेण्याचे कारण नाही. आरोपी तिशीतला, ट्रकवर क्लीनर. कट्ट्यासह पकडलेला. दोषारोपपत्रात पूर्वीच्या शिक्षेचा रकाना असतो, त्यात लिहिले होते ‘निरंक’. मी निरंक धरून चाललो. खटला चार वर्षे रखडला, कसाबसा पुराव्याला आला, आणि युक्तिवादाच्या दिवशी व्हरांड्यात त्याची आई माझ्याजवळ आली. दयेची याचना करायला आली होती बिचारी. म्हणाली, ‘साहेब, मांगे बी वरीसभर भोगी उना तो.’ म्हणजे मागेही वर्षभर भोगून आलेला. मी विचारले, कशात? तर असल्याच ‘पिस्तूलच्या केस’मध्ये, शेजारच्या जिल्ह्यात.

म्हणजे जी गोष्ट तपास अधिकाऱ्याला, मला आणि न्यायालयाला ठाऊक असायला हवी होती, ती आरोपीच्या आईने सांगितली, आणि तीही त्याला सोडवण्यासाठी. पूर्वीची शिक्षा दोषारोपात नमूद करावी लागते. राहिली असेल, तर शिक्षा सुनावण्यापूर्वी केव्हाही न्यायालय ती घालू शकते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २११ मध्ये ही सोय होती. पण त्यासाठी आधीच्या निकालाची प्रमाणित प्रत लागते. मी पत्र पाठवले. प्रत येईपर्यंत आमच्याकडचा निकाल लागून गेला होता. तहकुबी मागता आली असती. पटलावर त्या दिवशी चाळीस प्रकरणे होती, मी मागितली नाही. तो दोषी ठरला, पण पहिल्यांदाच सापडलेला म्हणून. जेवढे आत काढले होते जवळजवळ तेवढ्यावर सुटला.

महोदय, ‘सराईत’ हा शब्द पोलिसांच्या पत्रकार परिषदेत रोज ऐकू येतो, पण कोर्टाच्या कागदावर तो माणूस सराईत नसतो. कोर्टात जो-तो नवा कोरा येतो.

याचे मूळ कुठे आहे ते शिक्षेच्या आकड्यांत शोधू नका, कट्टा सापडल्यापासून निकालापर्यंतच्या वाटेत शोधा. त्या वाटेवर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण बाके वाजवताना ती कुणी पाहत नाही.

पहिले येतात पंच. कट्टा कमरेला सापडला की नाही, हे पोलिसांखेरीज सांगणारे हे दोघेच. रात्री अकराला बसस्थानकामागे कोण सभ्य माणूस पंच व्हायला येणार? मग पोलीस ठाण्याबाहेरचा चहावाला, पानटपरीवाला, कुणाची तरी गाडी सोडवायला आलेला इसम. हीच मंडळी दहा पंचनाम्यांवर सापडतात. बचावाच्या वकिलाने विचारावे, ‘आजपर्यंत किती केसेसमध्ये पंच झालात?’ आणि त्याने बोटे मोजायला सुरुवात करावी. आरोपी सराईत असो-नसो, पंच मात्र हमखास सराईत. आणि जो खरोखर त्रयस्थ असतो तो पाच वर्षांनी साक्षीला येतो तेव्हा त्याच गावात आरोपीही राहत असतो. सही माझी आहे पण मजकूर मला माहीत नाही, असे सांगून तो फितूर होतो. त्याला मी कधी मनापासून दोष देऊ शकलो नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट झाली. चित्रफीत फितूर होत नाही. ती नीट जपली, न्यायालयात वेळेवर आणली आणि तिचे प्रमाणपत्र जोडले तर.

मग मंजुरी. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे, विनापरवाना बंदूक बाळगल्याचा खटला जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय उभाच राहत नाही. ही चाळणी हवी, तिला माझा विरोध नाही. पण मंजुरीचा आदेश हा छापील नमुना असतो, त्यात नाव आणि गुन्हा रजिस्टर नंबर तेवढा भरलेला. हत्यार साहेबांसमोर ठेवले होते का, तज्ज्ञाचा अहवाल तेव्हा आला होता का, आदेशात विचाराचा मागमूस आहे का, असे प्रश्न बचावपक्ष विचारतो आणि ते रास्त असतात. कारकुनाने नमुना भरला आणि साहेबांनी सही केली, एवढ्यावर खटला पडताना मी पाहिला आहे.

त्यानंतर प्रयोगशाळा. कट्टा म्हणजे काय, तर पाण्याच्या नळाचा किंवा स्टिअरिंगच्या दांड्याचा तुकडा, स्प्रिंग, लाकडी मूठ. त्यातून गोळी सुटते की नाही हे कुणी जाणकाराने सांगितल्याशिवाय ते अग्निशस्त्र ठरत नाही. पोलीस मुख्यालयातला आर्मोरर तपासून दाखला देतो, आणि बचावपक्ष अडून बसला की बॅलिस्टिकचा अहवाल लागतो. तो कलिन्याहून किंवा विभागाच्या प्रयोगशाळेतून येईपर्यंत मुद्देमाल लाखेच्या सीलमध्ये पडून राहतो. सीलवरचा ठसा पुसट होतो, लेबलावरची शाई उडते, उंदीर पुठ्ठा कुरतडतात. आणि एक दिवस साक्षीदार कोर्टात पाकीट उघडतो तेव्हा पंचनाम्यात लिहिलेला ‘लाकडी मुठीचा’ कट्टा प्लॅस्टिकच्या मुठीचा निघतो. असे झाले, की माझ्यासारख्याने खाली बघायचे.

आणखी एक गोष्ट आहे, ती फार लोकांच्या लक्षात येत नाही. हे खटले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात. त्यांचा शिक्षेचा अधिकार ३ वर्षांचा. संसदेने २०१९ मध्ये कमाल ५ केली, खटला मात्र तिथेच राहिला. त्याहून जास्त द्यायची तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे, आणि त्यांचा अधिकार ७ वर्षांचा. मग कलम ३१ ची दहा वर्षे द्यायची कुणी? कायद्यात वाट आहे, पण ती तुडवून तुडवून पडलेली पायवाट नाही. झुडपे वाढलेली आहेत तिच्यावर. कडक कायदा करणाऱ्यांनी शिक्षेचा आकडा वाढवला आणि ती कुठल्या टेबलावर ठरणार हे पाहायचे सोडून दिले.

शिवाय शस्त्रे हा विषय घटनेच्या संघ सूचीत आहे. कायद्यात बदल हवा तर तो दिल्लीत. मुंबईत किंवा नागपुरात मागणी करून काय साधते ते मला समजत नाही. राज्याच्या हातात जे आहे ते म्हणजे पोलीस, अभियोक्ते, प्रयोगशाळा, मंजुरीचे टेबल, मुद्देमालाची खोली आणि परवाने. नेमक्या याच गोष्टींवर सभागृहात कुणी बोलत नाही.

परवान्यांकडे येतो. कट्ट्याची वाट मागच्या दाराची, परवान्याची पुढच्या दाराची. कलम ९ म्हणते की हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कितीही मुदतीची कैद झालेल्या माणसाला, शिक्षा संपल्यापासून ५ वर्षे शस्त्र बाळगता येणार नाही. पाच वर्षे, मग मोकळा. ही मुदत कमी की जास्त यावर वाद घालता येईल. माझे म्हणणे वेगळेच आहे. या कलमाचे कुलूप ‘शिक्षा’ या किल्लीने लागते आणि ती किल्ली आपल्याकडे पंधरा-पंधरा वर्षे घडत नाही. खंडणी, खुनाचा प्रयत्न, दंगल असे आठ गुन्हे नावावर असलेला माणूस कलम ९ च्या लेखी निष्कलंक असतो, कारण आठही प्रकरणे ‘न्यायप्रविष्ट’ असतात.

बीडचे उदाहरण ताजे आहे. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली आणि मग एकाएकी सगळ्यांना कळले की त्या एका जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्र परवाने आहेत. त्यांत गुन्हे दाखल असलेलेही होते. कमरेला पिस्तूल लावून रील काढणाऱ्यांची छायाचित्रे चॅनेलांवर फिरली. त्यानंतर पोलिसांनी प्रस्ताव पाठवले आणि शंभरावर परवाने रद्द झाले. चांगले झाले, पण ते ज्या अधिकारात रद्द झाले तो कलम १७ चा अधिकार हत्येच्या आदल्या दिवशीही होता, आणि आदल्या वर्षीही. परवाना देताना ‘चारित्र्य पडताळणी’ नावाचा जो कागद जोडतात तो त्या फायलींत होताच ना? त्यावर सह्या कुणाच्या होत्या, हे मी अजून कुठे वाचलेले नाही.

पुण्यात २०२५ साली जे झाले ते तुमच्या विभागाला मी सांगायला नको. एका कुख्यात टोळीप्रमुखाच्या भावाचा परवान्याचा अर्ज पोलीस आयुक्तालयाने नाकारला होता. कलम १८ खाली अपील मंत्रालयात गेले आणि तिथून मंजुरीचा आदेश निघाला. गवगवा झाल्यावर खुलासा आला की संबंधित माणूस न्यायालयातून निर्दोष सुटलेला आहे. पोलिसांनी सांगितले की परवाना प्रत्यक्ष दिलेला नाही. दोन्ही गोष्टी मी खऱ्या धरतो. पण निर्दोष सुटणे म्हणजे शस्त्राला पात्र ठरणे नव्हे. कलम १४ परवाना देणाऱ्याला विचारते, की हा माणूस कोणत्याही कारणाने अयोग्य वाटतो का, सार्वजनिक शांततेला यात धोका आहे का? तिथे फौजदारी खटल्यातला ‘निःसंशय पुरावा’ लागत नाही. वाहन चालवण्याच्या परवान्यासारखी ही सवलत आहे, हक्क नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली तेव्हाही हेच बजावले होते, की शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क अमेरिकेत आहे, इथे नाही.

आणि ज्याला परवाना मिळत नाही त्याला परवानाधारक माणूस मिळतो. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारा बलात्काराच्या गुन्ह्यात तुरुंगात राहून आलेला होता. पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचे, परवान्याचे. म्हणजे पुढचे दार बंद असले तर पगार देऊन खिडकी उघडता येते. खासगी अंगरक्षक कुणाच्या नोकरीला आहे आणि त्या मालकावर काय गुन्हे आहेत, ही एक ओळ परवान्याच्या नोंदीत घालायला कुठल्या कायदेदुरुस्तीची गरज आहे?

गंमत अशी, की मोजायचे ठरवले तर आपल्या राज्याला मोजता येते. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मकोका कायदा आपलाच, १९९९ चा. त्यात टोळीची बेकायदा कृत्ये ‘सातत्याने’ चालू आहेत हे ठरवायला शिक्षा लागत नाही. मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे आणि न्यायालयाने घेतलेली दखल, एवढे पुरते. महाराष्ट्र पोलीस कायद्यातल्या तडीपारीच्या कलम ५६ लाही शिक्षा लागत नाही. माणसाला दोन-दोन वर्षे जिल्ह्याबाहेर काढताना दोषारोपपत्रे चालतात आणि त्याच्या घरातला रिव्हॉल्व्हर काढून घेताना मात्र आम्हाला अंतिम निकाल हवा असतो. तडीपार केलेल्या माणसाचा परवाना चालू राहिल्याचे एक प्रकरण मी स्वतः पाहिले आहे. दोन वेगवेगळ्या कार्यालयांच्या दोन वेगवेगळ्या फायली, आणि मधे पन्नास पावलांचा जिना.

इथे माझे मन दोन्हीकडे ओढते, तेही लपवत नाही.

दोषारोपपत्रे मोजा असे म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते. ‘सराईत’ हा शब्द आपल्याकडे स्वच्छ नाही. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या गेल्या. पारधी, कंजारभाट, आणखी कितीतरी. पाळण्यातल्या पोरालाही त्या यादीतून सुटका नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून तो विमुक्त दिन. पण पाठोपाठ ‘सवयीचे गुन्हेगार’ या नावाचे कायदे आले, आपल्याकडे मुंबई राज्याचा १९५९ चा, आणि पोलीस ठाण्याच्या भिंतीवरची यादी फारशी बदलली नाही. गावात चोरी झाली की पालावर धाड, हे मी वकिली सुरू केली तेव्हाही होते. असल्या धाडीत सुरा, कोयता ‘सापडतो’ आणि शस्त्र अधिनियमाचे ४/२५ लागते. ऊसतोडीला निघालेल्या माणसाकडे कोयता सापडला यात तपास तो काय?

म्हणून माझा हिशोब असा आहे. परवाना ही सवलत आहे, ती देताना आणि चालू ठेवताना दोषारोपपत्रे खुशाल मोजा. हिंसेच्या गुन्ह्यात न्यायालयाने दखल घेतली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा, निकाल लागेपर्यंत. निवडणुकीत आपण हजारो परवानाधारकांची शस्त्रे जमा करतोच, तेव्हा कुणाचा हक्क बुडत नाही. पण तुरुंगात टाकायचे तर मोजायच्या त्या फक्त शिक्षा, रीतसर सिद्ध झालेल्या. आणि त्या मोजता याव्यात म्हणून आधी त्या लागल्या पाहिजेत. संशयावर दहा वर्षे देणारा कायदा तुम्ही केलात, तर पहिल्या वर्षी त्यात कोण सापडेल ते मी आज सांगतो : पालावरचा पोरगा. कमरेला पिस्तूल लावून रील काढणारा सापडायचा नाही.

आता अमेरिका, कारण तिचे नाव घेतल्याशिवाय भाषण पुरे होत नाही. तिथे १९६८ च्या कायद्यापासून, वर्षाहून अधिक शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात, ज्याला ते फेलनी म्हणतात, दोषी ठरलेल्याला बंदूक बाळगता येत नाही. आणि बंदी जवळपास आयुष्यभराची. कमाल शिक्षा पूर्वी १० वर्षे होती, २०२२ मध्ये १५ केली. १९८४ साली त्यावर आणखी एक मजला चढवला : हिंसेच्या किंवा मोठ्या अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत तीन वेळा दोषी ठरलेल्याकडे बंदूक सापडली, तर किमान १५ वर्षे. न्यायाधीशाला खाली यायला जवळजवळ वावच नाही. आपल्याकडच्या भाषणांत असते ते हेच.

पण त्या ‘तीन वेळा’चे पुढे काय झाले तेही पाहा. तीन म्हणजे नेमके किती, हे ठरवण्यात तिथल्या न्यायालयांची चाळीस वर्षे गेली. जॉर्जिया राज्यात एका माणसाने १९९७ साली एका रात्रीत भाड्याच्या गोदामाचे दहा गाळे फोडले. दहा गुन्हे लागले. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच्या घरात बंदूक सापडली, आणि एका रात्रीचे दहा गाळे म्हणजे दहा वेगळे प्रसंग असे मोजून त्याला सुमारे १६ वर्षे दिली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एकमताने सांगितले की हा प्रसंग एकच. त्याआधी २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने ‘हिंसक गुन्हा’ या व्याख्येतला एक तुकडा मोघम म्हणून रद्द केला होता. २०२४ मध्ये सांगितले की प्रसंग वेगवेगळे होते की नाही हे ज्युरीनेच ठरवायचे. आणि इतके सगळे करूनही त्या देशात बंदुकांची काय स्थिती आहे ते आपण रोज वाचतो. तिथे आपलीही मुले-मुली आहेत. माझी पुतणी न्यू जर्सीत शिकवते. शाळेत गोळीबार झाला तर कुठे लपायचे, याची कवायत ती पाच वर्षांच्या मुलांकडून करून घेते.

एक गोष्ट मात्र तिथे आहे आणि आपल्याकडे नाही. दोषसिद्धी लवकर होते. संघराज्याच्या न्यायालयांत दहापैकी सुमारे नऊ आरोपी गुन्हा कबूल करून मोकळे होतात. त्या कबुलीमागे जबर शिक्षेची धमकी असते, ती पद्धत मला मुळीच हवीशी वाटत नाही. पण त्यांचा कायदा पूर्वीच्या शिक्षा मोजू शकतो, कारण मोजायला शिक्षा असतात, आणि त्या संगणकाच्या एका कळीवर दिसतात. आपण त्यांचा वरचा मजला उचलून आणायचा म्हणतो आणि आपल्याकडे जोतेच भरलेले नाही.

थोडे उमर्टीबद्दल. चोपड्याहून लासूर, सत्रासेन करत सातपुड्यात गेले की पलीकडे मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातले हे गाव. पिढ्यान्‌पिढ्या लोखंडात हात असलेली सिकलीगर माणसे. राज्यात कुठेही पिस्तूल सापडले की चौकशीचा धागा बहुतेक वेळा इथे येऊन थांबतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये चोपड्याचे पथक आरोपी धरायला गेले, तेव्हा जमावाने हल्ला केला आणि एका पोलिसाला पळवून नेले. काही तासांनी सुटका झाली. त्याच वर्षी पुणे पोलीस मोठा फौजफाटा घेऊन गेले आणि भट्ट्या पाडून आले. फोटो छान आले. पण भट्टी म्हणजे चार विटा, भाता आणि कोळसा. ती आठवड्यात उभी राहते. त्या गावातल्या विशीतल्या मुलाला त्याच हाताने दुसरे काय घडवता येईल, याचे उत्तर दोन्ही राज्यांनी मिळून दिले नाही तर पुढच्या वर्षी फोटो पुन्हा काढावे लागतील. शस्त्र बनवण्याला आता किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. उमर्टीत हे सगळ्यांना तोंडपाठ असेल. दर त्या हिशोबाने ठरत असावेत.

तेव्हा माझे मागणे मोठे नाही, आणि त्यात बाके वाजवण्यासारखे काही नाही. कट्टा सापडला की दोषारोपपत्रातला तो ‘निरंक’ लिहिण्याआधी राज्यभरातल्या निकालांत नाव शोधा, आणि शोधल्याचा कागद जोडा. जुन्या निकालाची प्रमाणित प्रत अभियोक्त्याच्या हातात दोषारोपपत्राबरोबरच द्या, युक्तिवादाच्या दिवशी नको. शस्त्रांचे खटले जिल्ह्यात एका न्यायालयाकडे, दुप्पट शिक्षेचे प्रकरण पेलू शकेल अशा न्यायालयाकडे सोपवण्याची विनंती उच्च न्यायालयाला करा. मंजुरीचा छापील नमुना जाळून टाका. आणि सराईत माणसावर चॅप्टर केस, म्हणजे बंधपत्र घेण्याची प्रतिबंधक कारवाई, करताना एवढे लक्षात ठेवा, की चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेतले की बंधपत्राच्या मुदतीत कलम ९ खाली त्याला शस्त्र आपोआप बंद होते. शिक्षेची वाट पाहावी लागत नाही. हे कायद्यात लिहिलेले आहे. चॅप्टर केस तहसील कचेरीत, परवाना कलेक्टर कचेरीत. बंधपत्राची एक प्रत तिकडे पाठवायची, एवढेच.

सन्माननीय सदस्यांपैकी कुणी येत्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न टाकावा. गेल्या दहा वर्षांत राज्यात शस्त्र अधिनियमाच्या कलम ३१ खाली किती जणांना शिक्षा झाली, जिल्हानिहाय. उत्तर ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे आले तरी माझी तक्रार नाही. तेवढ्यापुरते तरी जिल्ह्याजिल्ह्यांत कुणीतरी जुन्या निकालांच्या नोंदवह्या काढेल, आणि शेजारच्या जिल्ह्यातले ते एक वर्ष त्यांत सापडेल.

आपला,
एक निवृत्त सहायक सरकारी अभियोक्ता
जिल्हा जळगाव